ग्राफिक्स कार्ड बदलावं की नाही? पीएचडीच्या पहिल्या वर्षातला ३४ हजारांचा हिशोब



नेट किंवा सेट झाली, पेट झाली, विषयाला मान्यता मिळाली की मशीन लर्निंगकडे वळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात एक प्रश्न येतोच. माझ्या कॉम्प्युटरमध्ये चार जीबीचं जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, ते बदलावं का? दुकानदाराला विचाराल तर उत्तर ठरलेलं असतं. यूट्यूबवर बघाल तर तिथली सगळी तुलना गेमची: किती फ्रेम मिळतात, कोणत्या सेटिंगवर. आपल्या कामाचा त्यात शब्द नसतो.

आणि रक्कम छोटी नाही. यूजीसीच्या जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. बरं कार्ड आणि त्याला पेलणारा पॉवर सप्लाय मिळून ३४,००० लागतात असं धरलं, तर ती जवळजवळ एका महिन्याची फेलोशिप झाली. ज्यांना फेलोशिपच नाही, किंवा ती हप्त्याहप्त्याने येते, त्यांच्यासाठी ते घरचे पैसे आहेत. म्हणून आज आपण हा निर्णय आकड्यांनी कसा घ्यायचा ते बघू. उदाहरणं आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कामांची घेऊ, कारण पुण्या-मुंबईचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

समजा, तीन संशोधक आहेत. पहिलीला सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून तोरणमाळ आणि धडगाव भागातलं जंगल आणि शेती वेगळी ओळखायची आहे. दुसऱ्याला पावरी बोलीचं बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल तयार करायचं आहे. तिसरीला रक्ताच्या स्लाइडच्या फोटोंवरून सिकलसेलच्या पेशी ओळखायच्या आहेत. तिघांकडे सारखंच जुनं कार्ड आहे. पण तिघांचं उत्तर वेगळं निघतं, ते कसं ते पाहू.

कार्ड नेमकं करतं काय?

नंदुरबारच्या मिरची पथारीवर जाऊन बघा. मिरचीचे देठ खुडायला एकच अतिशय हुशार माणूस बसवला तर ढीग संपणार नाही. साध्या कामाला शंभर हात एकदम लागले तर संपतो. सीपीयू म्हणजे तो हुशार माणूस आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे ते शंभर हात. न्यूरल नेटवर्कचं काम म्हणजे गुणाकार आणि बेरजा, त्याही कोट्यवधी. एनव्हीडियाच्या जीटीएक्स १६५० मध्ये असे ८९६ कोअर आहेत, आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४.

पण पथारीवर दोन अडचणी येऊ शकतात. एक, जागाच अपुरी, म्हणजे ढीग मावतच नाही. दोन, जागा आहे, हात आहेत, पण मिरचीचा ट्रकच उशिरा येतो आणि बाया नुसत्या बसून राहतात. या दोन अडचणी म्हणजेच आपल्या दोन कसोट्या.

पहिली कसोटी: मेमरीत मावतं का?

कार्डची स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. मॉडेल शिकवताना ते त्यात मावलं पाहिजे. मावलं नाही तर काम हळू होत नाही, ते थेट एरर देऊन थांबतं. त्यामुळे हा आकडा आधी काढा. त्याला कार्ड लागत नाही, वही-पेन पुरे.

नेहमीच्या ३२ बिट पद्धतीने आणि अ‍ॅडम ऑप्टिमायझर वापरून शिकवत असाल, तर प्रत्येक पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट लागतात. ४ बाइट स्वतः वेटचे, ४ ग्रेडियंटचे आणि ८ अ‍ॅडम जे दोन आकडे लक्षात ठेवतो त्यांचे. आता तिघांचं बघू.

रेसनेट-५० मध्ये सुमारे २.५६ कोटी पॅरामीटर आहेत. गुणिले १६ केले की ०.४१ जीबी. यावर मधल्या थरांतले आकडे साठवायला आणखी मेमरी लागते आणि ती बॅचच्या आकारानुसार वाढते. तरीही बॅच लहान ठेवली तर चार जीबीत हे आरामात चालतं. म्हणजे स्लाइड ओळखणारीचं आणि साध्या जंगल-वर्गीकरणाचं काम मेमरीपायी अडत नाही.

पावरीवाल्याचं वेगळं आहे. तो व्हिस्पर मॉडेल घेऊन पुढे शिकवणार. व्हिस्परला मराठी, गुजराती येतात, पण पावरी त्याच्या यादीत नाही, म्हणून फाइन-ट्यूनिंग करावंच लागेल. त्याच्या स्मॉल आवृत्तीत २४.४ कोटी पॅरामीटर आहेत, म्हणजे ३.९ जीबी. चार जीबीचं कार्ड इथेच भरलं, मधल्या थरांना जागाच नाही. मीडियम आवृत्तीत ७६.९ कोटी, म्हणजे १२.३ जीबी. आता गंमत बघा. ३४,००० खर्चून १२ जीबीचं कार्ड आणलं तरी मीडियम या पद्धतीने मावत नाही!

मग काय करायचं? पैसे टाकण्याआधी युक्त्या वापरायच्या. लोरा पद्धतीत मूळ मॉडेल गोठवून ठेवतात आणि फक्त छोटे जोड शिकवतात. त्यामुळे ग्रेडियंट आणि अ‍ॅडमचा बोजा जवळजवळ जातो. मूळ वेट १६ बिटमध्ये ठेवले तर मीडियमला त्यांच्यासाठी सुमारे दीड जीबीच लागतात. ग्रेडियंट चेकपॉइंटिंगमध्ये मधले आकडे साठवायचे नाहीत, लागतील तेव्हा पुन्हा काढायचे. वेळ थोडा वाढतो, मेमरी वाचते. ग्रेडियंट अ‍ॅक्युम्युलेशनमध्ये बॅचचे तुकडे करून हिशोब शेवटी एकत्र करायचा. या तिन्ही गोष्टींना खर्च शून्य. त्या करूनही मावलं नाही, तर मेमरी हे नवं कार्ड घ्यायचं खरं कारण ठरतं.

दुसरी कसोटी: वेळ नेमका कुठे जातो?

आता ट्रक उशिरा येण्याची गोष्ट. मॉडेल शिकत असताना टर्मिनल उघडा आणि एनव्हीडिया-एसएमआय ही आज्ञा चालवा. कार्ड किती टक्के कामात आहे ते दिसतं. सतत ९०-९५ टक्क्यांवर असेल तर कार्ड खरोखर राबतंय. ते ३० वर आणि शून्यावर उड्या मारत असेल, तर कार्ड मोकळं बसलंय आणि हार्ड डिस्क किंवा सीपीयू त्याला माल पुरवू शकत नाहीये.

जंगल-वर्गीकरणवालीचं उदाहरण घ्या. सेंटिनेल-२ ची एक चौकट, म्हणजे टाइल, १० मीटरच्या पट्ट्यांसाठी १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेलची असते. तिचे २५६ गुणिले २५६ चे तुकडे केले तर ४२ गुणिले ४२ म्हणजे १,७६४ पूर्ण तुकडे निघतात. आता समजा एका फेरीला, म्हणजे एका इपॉकला, १० मिनिटं लागतात. त्यातली ६ मिनिटं जुन्या हार्ड डिस्कवरून मोठी फाइल वाचून तुकडे करण्यात जातात आणि ४ मिनिटं कार्डच्या गणितात. दुप्पट वेगाचं कार्ड आणलं तर ४ ची २ होतील, एकूण ८ मिनिटं. म्हणजे दुप्पट वेगासाठी पैसे मोजले आणि मिळाला सव्वापट. जगातलं सगळ्यात महाग कार्ड आणलं तरी ६ मिनिटांच्या खाली जाता येत नाही.

हा अ‍ॅमडालचा नियम. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला होता आणि तो आजही तितकाच लागू आहे: कामाचा जो भाग तुम्ही सुधारतच नाही, तोच शेवटी तुमची मर्यादा ठरतो. इथे उपाय कार्ड नाहीच. तुकडे एकदाच करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, डेटा एसएसडीवर हलवा, डेटा लोडरला दोन-चार वर्कर द्या. वाचायची ६ मिनिटं १ झाली तर एकूण ५. नव्या कार्डने जेवढं झालं नसतं तेवढं एसएसडीने झालं, आणि एसएसडी कार्डच्या कितीतरी कमी पैशात येते.

आणखी एक. जंगल आणि शेती एवढंच वेगळं करायचं असेल तर गुगल अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेलचा डेटा आधीच ठेवलेला आहे आणि संशोधनासाठी ते मोफत वापरता येतं. तिथे रँडम फॉरेस्ट चालवून बघा. आधी साध्या पद्धतीचा निकाल हातात हवा, मगच डीप लर्निंग. नाहीतर मौखिक परीक्षेत “साध्या पद्धतीपेक्षा किती फरक पडला?” या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.

फुकटचे तास आणि भाड्याचे तास

कॅगलवर फोन नंबर पडताळून घेतला की आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मोफत मिळतो. तिथलं टी४ कार्ड १६ जीबीचं आहे. म्हणजे आपण ज्या १२ जीबीच्या कार्डासाठी पैसे जमवतोय, त्यापेक्षा मेमरी जास्त. एक बैठक १२ तासांपर्यंत चालते. गुगल कोलॅबच्या मोफत भागातही बहुतेक वेळा टी४ च मिळतं, पण मिळेलच अशी खात्री नसते आणि मध्येच तुटू शकतं. म्हणून प्रत्येक इपॉकनंतर चेकपॉइंट जतन करायची सवय लावा. ही सवय पुढे लोडशेडिंगमध्येही उपयोगी पडते.

याच्या वरची पायरी म्हणजे सार्वजनिक यंत्रणा. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यातून पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म बसलं. पुण्यातल्याच सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय आहे, ते नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर होतं. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया-एआय मोहिमेतून संशोधक आणि विद्यार्थ्यांना सवलतीच्या दरात जीपीयू मिळण्याची सोय झाली आहे. अशा ठिकाणी अर्ज करताना कामाचा आराखडा आणि लागणारे तास लिहावे लागतात, शिवाय संस्थेची किंवा मार्गदर्शकांची शिफारस. वेळ लागतो, म्हणून गरज पडण्याच्या दोन-तीन महिने आधी चौकशी सुरू करा. तासांचा आकडा वर सांगितल्याप्रमाणे मोजलेला असेल तर अर्ज लिहायला एक संध्याकाळ पुरते.

आता ३४ हजारांचा हिशोब

इथून पुढचे दर मी उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या दिवसाचे भाव टाका, रीत तीच.

कार्ड ३०,०००, पॉवर सप्लाय ४,०००, एकूण ३४,०००. तीन वर्षांनी विकून १०,००० आले असं धरू. म्हणजे निव्वळ खर्च २४,०००. वीज: कार्ड आणि बाकी कॉम्प्युटर मिळून ३०० वॅट, म्हणजे तासाला ०.३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर तासाला ३ रुपये. समोर भाड्याचा जीपीयू तासाला ४० रुपये. स्वतःचं कार्ड असलं की प्रत्येक तासाला ३७ रुपये वाचतात. २४,००० भागिले ३७, म्हणजे साधारण ६५० तास.

“तीन वर्षांत ६५० तास? महिन्याला फक्त १८! घेऊनच टाकू,” असं लगेच वाटेल. थांबा, दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, हे ६५० तास फुकटच्या तासांच्या वरचे हवेत. महिन्याला तुमची गरज १०० तास असेल आणि कॅगलवर १२० मिळत असतील, तर कार्डने वाचवले शून्य रुपये. गरज १६० असेल तर वरचे ४० तासच मोजायचे.

दुसरी, पीएचडीच्या तीन वर्षांत मॉडेल शिकवण्याचे महिने किती? सुरुवातीला कोर्सवर्क आणि वाचन, मग क्षेत्रभेटी आणि डेटा, शेवटी प्रबंधलेखन. जोराचे प्रयोग १२ महिने चालले तरी पुष्कळ. म्हणजे त्या १२ महिन्यांत दरमहा फुकटच्या तासांवर ५४ तास जास्त लागले, तरच कार्डाचे पैसे वसूल. आणि भाड्याचं कार्ड तुमच्या कार्डापेक्षा दुप्पट वेगाचं असेल तर त्याचा एक तास तुमच्या दोन तासांबरोबर धरायचा. मग आकडा आणखी वर जातो.

आता हिशोबातला खरा प्रश्न. ३४,००० रुपयांत दुसरं काय येतं? जंगलवालीची धडगावच्या डोंगरात एक फेरी जेवणखाणासकट १,००० ला पडली, तर ३४ फेऱ्या. प्रत्येक फेरीत जीपीएसने नोंदलेले प्रत्यक्ष जमिनीवरचे बिंदू, इथे साग आहे, इथे ज्वारी, इथे मोकळा माळ. पावरीवाल्याला त्याच पैशांत पावरी बोलणाऱ्या माणसांना मानधन देऊन ध्वनिमुद्रण नीट लिहून घेता येईल. तयार मॉडेल कुणालाही डाउनलोड करता येतं. तुमच्या तालुक्यातला तपासलेला डेटा कुणालाच डाउनलोड करता येत नाही. प्रबंधातलं तुमचं स्वतःचं योगदान बहुतेक वेळा तिथेच असतं. म्हणून कार्ड की डेटा अशी निवड करावी लागत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: डेटा.

मग कार्ड कधी घ्यावंच लागतं?

तीन परिस्थितींत.

एक, डेटा बाहेर नेता येत नसेल तेव्हा. सिकलसेलचं काम बघा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, आपल्या भागात हा विषय किती जवळचा आहे ते सांगायला नको. पण रुग्णाच्या स्लाइडचे फोटो ही आरोग्याची माहिती आहे. नैतिक समितीने “डेटा संस्थेच्या आवारातच राहील” या अटीवर परवानगी दिली असेल, तर तो कोलॅबवर टाकणं म्हणजे ती अट मोडणं. नावं पुसली म्हणून चालत नाही. इथे स्थानिक कार्ड लागणारच. पण लक्षात घ्या, मग ते कार्ड तुमच्या घरी नको, संस्थेतल्याच कॉम्प्युटरमध्ये हवं. म्हणजे खर्चही तुमच्या खिशातून व्हायला नको. यूजीसीच्या जेआरएफमध्ये विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० आणि नंतर २५,००० आकस्मिक निधी असतो. विभागाचा निधी किंवा मार्गदर्शकांचा प्रकल्प असू शकतो. अशी खरेदी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही मिळते.

दोन, इंटरनेट पुरत नसेल तेव्हा. ५० जीबी डेटा ५ एमबीपीएस वेगाने चढवायला सुमारे २२ तास लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. पण इथेही आधी मोजा. पावरीवाल्याचं ५० तासांचं ध्वनिमुद्रण १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलमध्ये ठेवलं तर पावणेसहा जीबीच होतं. ते अडीच तासांत चढतं आणि एकदाच चढवायचं असतं. ते काही कार्ड घ्यायचं कारण नाही.

तीन, वर काढलेला ५४ तासांचा आकडा तुम्ही खरोखर सलग ओलांडत असाल तेव्हा.

घ्यायचंच ठरलं तर

नव्या क्रमांकाचं म्हणजे जास्त मेमरीचं, असं नसतं. २०२१ चं आरटीएक्स ३०६० बारा जीबीत मिळतं, २०२३ चं आरटीएक्स ४०६० आठ जीबीचं आहे. गेमसाठी दुसरं वेगवान, पण आपल्यासाठी बऱ्याचदा पहिलं बरं. शक्य असेल तर १६ जीबीचं बघा, नाहीतर कॅगलवरच्या टी४ पेक्षा कमी मेमरी घेण्यासाठी आपण पैसे देतोय हे लक्षात असू द्या.

जीटीएक्स १६५० ७५ वॅटचं आहे, त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना वेगळी वायरही लागत नाही. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. ऑफिसच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये तो नसतो आणि कधी कधी कार्ड कॅबिनेटमध्ये बसतही नाही. टेप घेऊन मोजा. लॅपटॉपमधलं कार्ड तर बदलताच येत नाही.

जुनं कार्ड स्वस्तात मिळत असेल तर पिढी विचारा. जीटीएक्स १०६०, १०८० टीआय ही पास्कल पिढीची आहेत. २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ मधून या पिढीचा आधार काढला गेला आहे. आज चालेल, पण दोन वर्षांनी नवी लायब्ररी टाकताना अडेल.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात खोलीच तापलेली असते. कार्ड गरम झालं की आपोआप वेग कमी करतं. कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवा, लांबलचक प्रयोग रात्री लावा, यूपीएस घ्या. हा खर्चही हिशोबात धरा.

आठ दिवसांचा गृहपाठ

१. पॅरामीटर गुणिले १६ करून मेमरीचा आकडा काढा.
२. आहे त्या कार्डवर एक इपॉक चालवून कार्ड किती टक्के कामात आहे ते लिहा.
३. तेच काम कॅगलवर चालवून वेळ लिहा.
४. एका प्रयोगाचे तास गुणिले वर्षातले प्रयोग, असे एकूण तास काढा. त्यातून फुकटचे तास वजा करा.
५. उरलेल्या तासांना भाड्याचा दर लावा आणि कार्डाच्या निव्वळ खर्चाशी ताडून बघा.

हे पाच आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद मार्गदर्शकांसमोर ठेवा. “सर, कार्ड हवंय” या वाक्याला सहसा “बघू” असं उत्तर मिळतं. “मॅडम, फुकटचे तास वापरून दरमहा ६० तास कमी पडतात, हा हिशोब” या वाक्यावर चर्चा होते. आणि हिशोबाअंती कार्ड नको असं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. धडगावची एसटी सकाळी लवकर असते, त्या पैशांतून पहिली क्षेत्रभेट ठरवून टाका.